बघितल्याशिवाय थेंब नको

जून सरता सरता गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पावसानं ठाण मांडलं, की दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांची बोटं कानाकडे जायला लागतात. आधी नुसती खाज. मग कान भरल्यासारखा वाटतो, मग ठणका. त्यातच २४ जूनच्या सांजांवाच्या सणाला विहिरींत आणि पुढे नदी-ओढ्यांच्या कोंडांत पोरांच्या उड्या. कान घेऊन माणूस येतो तोवर त्यात काहीतरी ओतून झालेलं असतं. लसूण घालून कढवलेलं खोबरेल, शेजारणीकडे उरलेले थेंब, नाहीतर फार्मसीतून 'कानाचं औषध द्या' एवढंच सांगून आणलेली बाटली. त्या बाटलीत बहुतेक वेळा अँटिबायोटिक असतं. बुरशी धरलेल्या कानात ते घातलं की कानातले नेहमीचे जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं होतं. चार दिवसांनी ठणका दुप्पट, आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणून दुसरी बाटली, तीही तसलीच.

यात दोष गावकऱ्याचा कमी आहे. कानात न डोकावता थेंब लिहून देणारे आपणच डॉक्टर आहोत. आणि डोकावत नाही त्याचं कारण बऱ्याचदा आळस नसतो, उजेड नसतो. डोंगरातल्या दवाखान्यात कान-नाक-घशाचं काम औषधांवाचून फारसं अडत नाही, कपाळावरच्या दिव्यावाचून अडतं. मोबाइलचा टॉर्च एका हातात धरला की कामाला एकच हात उरतो, आणि कानाला दोन लागतात. एकानं बाहेरचा कान ओढून वाट सरळ करायची, दुसऱ्यानं हत्यार धरायचं. म्हणून पहिली खरेदी चांगल्या एलईडी हेडलाइटची असावी, चार्ज होणाऱ्या, बारीक आणि पांढरा झोत टाकणाऱ्या. पावसात वीज जाते, तारांवर फांद्या पडतात, तेव्हा तो रोज रात्री चार्जिंगला लावायची सवय हवी. जुन्या डॉक्टरांचा कपाळावरचा अंतर्गोल आरसा कुणाकडे पडून असेल तर टाकू नका. रुग्णाच्या खांद्यामागे साधा दिवा ठेवला तरी त्या आरशातून उजेड पंचवीसेक सेंटीमीटरवर एकवटतो आणि मधल्या भोकातून नजर त्याच वाटेनं आत जाते. त्याला बॅटरी लागत नाही.

कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटीमीटर, आणि तीही वाकडी. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्या बाळाचा खाली आणि मागे. कानात बघायचा ओटोस्कोप पेन्सिलीसारखा धरायचा आणि करंगळी रुग्णाच्या गालावर टेकवायची, म्हणजे मूल दचकलं तर हातही त्याच्या डोक्याबरोबर सरकतो आणि टोक आत रुतत नाही. त्याच्या टोकाचं नरसाळं, म्हणजे स्पेक्युलम, कानाच्या नळीत बसेल तेवढं मोठं घ्यायचं, लहान घेतलं तर उजेड कमी आणि टोचणं जास्त. बाहेरचा एक-तृतीयांश भाग कूर्चेचा असतो, केस आणि मळ तिथेच. आतला दोन-तृतीयांश हाडावर ताणलेल्या पातळ कातडीचा असतो, तिथे कापसाचा स्पर्शही झोंबतो. रुग्ण 'आई गं' म्हणाला की हात कुठवर पोचला हे कळतं.

बुरशीचा कान एकदा नीट पाहिला की विसरत नाही. काळ्या बुरशीत भिजलेला वर्तमानपत्राचा कागद बोळा करून कोंबल्यासारखं दिसतं, करड्या ओल्या थरावर काळे ठिपके. कँडिडा ही दुसरी बुरशी असेल तर पांढरं, फुटलेल्या दुधासारखं. इथे औषधाआधी सफाई. हा मळ जागेवर ठेवून वरून बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोल कितीही घाला, ते कातडीपर्यंत पोचतच नाही. सक्शन असेल तर उत्तम, नसेल तर जॉबसन हॉर्न प्रोब, म्हणजे धातूची बारीक सळई, आणि कापूस. प्रोबच्या खाचा पाडलेल्या टोकाला कापसाचा पातळ पापुद्रा गुंडाळायचा, पण टोकाच्या पुढे चार-पाच मिलिमीटर मऊ शेपूट मोकळं ठेवायचं, म्हणजे धातू कातडीला लागत नाही. ज्या दिशेनं गुंडाळला त्याच दिशेनं कानात फिरवायचा. उलटा फिरवला तर कापूस सुटून आत राहतो, आणि ओल्या कानात राहिलेला कापूस म्हणजे बुरशीला नवं घर. एका कानाला असे आठ-दहा फुलोरे लागतात. शेवटचा कोरडा बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही.

मग एक टक्का क्लोट्रिमॅझोलचे तीन-चार थेंब, दिवसातून दोन-तीन वेळा, किमान दोन आठवडे. खाज तिसऱ्या दिवशी थांबते आणि बाटली फळीवर जाते, म्हणून दोन आठवडे हा आकडा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. आंघोळीला व्हॅसलिन चोळलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवायचा, आत ढकलायचा नाही. आणि आठवड्यानं पुन्हा बोलावून पुन्हा साफ करायचा. याच दुसऱ्या खेपेला रुग्ण येत नाही. पावसात बस चुकते, गवत काढायचं असतं. तेव्हा पहिल्याच दिवशी सफाईला वीस मिनिटं द्यावीत, बाहेर रांग लागली असली तरी. स्पेक्युलमही दोन रुग्णांमध्ये नुसतं स्पिरिटनं पुसून भागत नाही. धुऊन वीस मिनिटं उकळा, नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्याच्या कानात आपणच पेरतो.

वाहणारा कान ही वेगळी गोष्ट. इथे पडद्याला भोक असतं आणि मूल वर्षानुवर्षं कान वाहतोय हे धरूनच वाढतं. शाळेत ते मागच्या बाकावर 'ढ' ठरतं, कारण बाई काय म्हणाल्या ते त्याला ऐकूच गेलेलं नसतं. अशा कानात जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब घालू नयेत. भोकातून ते आतल्या कानापर्यंत गेले तर ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन चालतं, दिवसातून तीन वेळा, चौदा दिवस. पण त्याआधी कान कोरडा करायचा, आणि हे घरच्या माणसाला हातात कापड देऊन शिकवायचं. धुतलेल्या जुन्या सुती कापडाची वात वळायची, ती कानात ठेवायची, भिजली की काढून टाकायची, दुसरी ठेवायची, वात कोरडी येईपर्यंत. मगच थेंब. बाटली आधी मुठीत दोन मिनिटं गरम करायची, गार थेंबांनी गरगरतं. मूल कुशीवर झोपवून पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि कानापुढची छोटी कूर्चा बोटानं चार-पाच वेळा दाबायची, म्हणजे औषध आत उतरतं. आईला एकदा तुमच्यासमोर वात वळू द्या. नुसतं सांगितलेलं घाट उतरेपर्यंत विसरलं जातं.

भरपूर, पातळ, बिनवासाचा स्राव आणि पडद्याच्या मधोमध भोक असेल तर घाई नाही. थोडाच पण घाण वासाचा स्राव, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढरे पापुद्रे, हात लावताच रक्त येणारा मांसल कोंब, हे दिसलं तर तो कान हाड कुरतडतोय. त्याला थेंबांनी काही होत नाही, शस्त्रक्रियाच लागते. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तोंड वाकडं झालं, ताप आणि मान ताठ झाली, तर त्याच दिवशी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ).

मळाबद्दल थोडक्यात. पाच टक्के सोडियम बायकार्बोनेटचे थेंब किंवा साधं खोबरेल तीन-चार दिवस घालून मळ मऊ करायचा. मग वीस मिलिलिटरची सिरिंज, पुढे सुई काढलेल्या कॅन्युलाची नळी दोनेक सेंटीमीटरवर कापून, आणि शरीराच्या तापमानाचं पाणी. गार किंवा गरम पाण्यानं रुग्णाला चक्कर येते, ओकारी होते, आणि तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. धार वरच्या-मागच्या भिंतीवर मारायची, पडद्यावर सरळ नाही. पूर्वी कान वाहिला होता का, शस्त्रक्रिया झाली का, ऐकू येणारा हा एकच कान आहे का, हे आधी विचारायचं. एकाही प्रश्नाला होकार आला तर सिरिंज खाली ठेवायची.

आता एक गोष्ट, जी आम्हाला सगळ्यांत जास्त बोचते. एखादी मावशी येते आणि म्हणते, "दोतोर, काल सकाळपासून हा कान बंद पडलाय." कानात मळ नाही, पडदा स्वच्छ. सर्दी असेल म्हणून नाकाचे थेंब देऊन तिला पाठवलं जातं. महिन्यानं ती येते तेव्हा कान गेलेला असतो. तीन दिवसांच्या आत एकाएकी गेलेलं ऐकणं ही आतल्या कानाची तातडी असू शकते आणि स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर पहिल्या दोन आठवड्यांत होतो. ओळखायला ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की घुमणारा धातूचा चिमटा, हवा. कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि आवाज बंद कानाकडे आला तर अडथळा बाहेरचा किंवा मधल्या कानाचा. चांगल्या कानाकडे गेला तर आतली नस. फोर्क नसेल तर तिला सांगा, "मावशी, तोंड मिटून 'हं...' असा आवाज लांबवा. कुठल्या कानात घुमतोय?" बंद कानात घुमला तर थोडा निश्वास टाकायला हरकत नाही. चांगल्या कानात घुमला तर तिला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवायचं. स्टिरॉइड सुरू करायच्या आधी साखर बघायची, गोव्यात तर नक्कीच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के.

हाच आकडा बुरशी आणि ठणक्याच्या कानातही डोक्यात असावा. मधुमेही वृद्धाचा कान रात्री झोप येऊ देत नाही इतका दुखत असेल आणि नळीत, कूर्चा संपून हाड सुरू होतं तिथे लालसर मांसल कोंब दिसत असेल, तर तो साधा पावसाळी कान नव्हे. संसर्ग कवटीच्या हाडात शिरायला निघालाय. थेंब देऊन आठवड्यानं या, असं म्हणायचं नाही.

नाकातून रक्त येणारा माणूस दवाखान्यात शिरतो तेव्हा बरोबरचे चार जण त्याचं डोकं मागे धरून असतात, कुणी डोक्यावर पाणी ओतत असतं. आधी डोकं पुढे वाकवा. मागे केलं की रक्त घशात उतरतं, पोटात जातं, मग काळी उलटी होते आणि घरचे आणखी घाबरतात. नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, मधे सोडून बघायचं नाही. रुग्णानं तोंडानं श्वास घ्यायचा, रक्त थुंकायचं. दहातल्या नऊ जणांचं रक्त नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं आणि एवढ्यानं थांबतं. लोक हाडावर चिमटा घेतात, त्यानं काहीच दाबलं जात नाही.

नाही थांबलं तर रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या ऑक्सिमेटॅझोलिनमध्ये भिजवलेला कापूस पाच-दहा मिनिटं ठेवून मग दिव्यानं बघा. रक्ताचा बिंदू दिसला तर सिल्व्हर नायट्रेटची काडी आधी भोवतीनं आणि शेवटी बिंदूवर, काही सेकंदच. दोन्ही बाजूंना एकाच वेळी समोरासमोर डागायचं नाही, पडद्याला भोक पडतं. बिंदू दिसत नसेल तर पट्टी. अर्धा इंच रुंदीची, साधारण मीटरभर लांब रिबन गॉज मलमात भिजवून, नाकाच्या तळापासून घडीवर घडी रचत वर यायचं. नाकाची वाट कपाळाकडे जात नाही, सरळ मागे कानाच्या दिशेनं जाते, चिमटा तिकडेच न्यायचा. पट्टीची दोन्ही टोकं बाहेर राहिली पाहिजेत. एक टोक आत सुटलं की घडी घशात लोंबते आणि रुग्ण गुदमरतो. शेवटी जीभ दाबून घशाच्या मागच्या भिंतीकडे बघा. तिथून अजून रक्त ओघळत असेल तर रक्त मागचं आहे, आणि पुढच्या पट्टीला आधार नाही.

त्या वेळी लघवीची फोली नळी कामाला येते, १२ किंवा १४ नंबरची. नाकातून घालून टोक घशात दिसलं की फुग्यात पाच ते दहा मिलिलिटर पाणी भरायचं, हलकेच पुढे ओढून मागचं तोंड बंद करायचं आणि मग पुढून पट्टी भरायची. नळी नाकपुडीशी चिमट्यानं अडकवताना खाली गॉजची जाड घडी हवी. घडी विसरली तर बांबोळीला पोचेपर्यंत नाकपुडीची कडा काळी पडलेली असते. एवढं जमलं की रुग्ण घाटातला प्रवास झेलतो.

काजूच्या हंगामात, जानेवारीपासून मेपर्यंत, ताप आणि नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त असा रुग्ण सत्तरीतून आला तर नाकाकडे बघून थांबू नका. २०१५ पासून या तालुक्यात माकडतापाची नोंद आहे. काजूच्या बागेत गेला होता का, गोचीड चावली का, आसपास माकड मेलं होतं का, विचारा. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं एकच नाक बंद, त्यातूनच पुन्हा पुन्हा रक्त, आत लालसर गाठ दिसते, तर तिला चिमटा लावायचा मोह आवरा. ती रक्तवाहिन्यांचीच गाठ असू शकते. तुकडा काढायला गेलात तर रक्त थांबवण्याचं साधन दवाखान्यात नाही.

लहान मुलांच्या नाका-कानात चिंचोके, गुंजा, मणी, खडू. मुलाच्या एकाच नाकातून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत काहीतरी आहे असं धरूनच चाला. गोल वस्तूला चिमटा लावला की ती निसटून आणखी आत जाते, म्हणून टोकाला वाकवलेला हुक तिच्या वरून मागे नेऊन पुढे ओढायचा. त्याआधी मात्र आईला एक प्रयत्न करू द्या. तिनं मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवायचं, मोकळी नाकपुडी बोटानं दाबायची आणि एक झटक्यात फुंकर मारायची. मणी बऱ्याचदा तिच्या गालावर येऊन पडतो आणि मूल रडायचं विसरतं. कानात चिंचोका किंवा चवळी असेल तर पाणी मारू नका, ती फुगते. जिवंत झुरळ किंवा किडा असेल तर आधी कान खोबरेलानं काठोकाठ भरा, पाच-दहा मिनिटं थांबा, तो मेला की काढा. जिवंत किड्याला चिमटा लावणं म्हणजे त्याला पडद्यावर ओरखडे काढायला लावणं. बटणासारखी बॅटरी असेल तर थेंब नको, पाणी नको, उशीर नको. दोन तासांत ती ऊतक जाळायला लागते. मूल आईच्या मांडीवर, पाय तिच्या पायांत, एक हात मुलाच्या दोन्ही हातांवर, दुसरा कपाळावर, असं धरून एकदाच प्रयत्न करा. रक्त आलं, मूल आकांत करतंय, तर पाठवून द्या. पुढच्या डॉक्टरच्या हाती सुजलेलं, रक्ताळलेलं नाक देणं हे त्या मुलावर अन्याय करणं आहे.

घशातला माशाचा काटा गोव्यात बारमाही. तारले, पेडवे, मुडदुशे, सगळ्यांचे काटे बारीक. घरचे भाताचा गोळा नाहीतर केळं गिळायला लावतात, त्यानं काटा खोल रुततो. "कुठं टोचतंय, बोट ठेवा," म्हटलं आणि रुग्णानं एका बाजूला जबड्याखाली नेमकं बोट ठेवलं, तर काटा बहुतेक टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी. जीभ दाबून, दिवा लावून, टॉन्सिलचा वरचा-खालचा कोपरा सावकाश बघा, थुंकीच्या तारेत काटा चमकतो. बोट कंठाच्या खाली जात असेल, गिळताना छातीत दुखत असेल, ताप असेल, तर वरून शोधत बसू नका.

घशात एकच प्रसंग असा, जिथे बघू नये. मूल पुढे झुकून बसलंय, लाळ गळतेय, श्वास घेताना घरघर, तोंड उघडंच. तिथे जीभ दाबायची पट्टी तोंडात घालू नका, झोपवू नका. श्वासनळीच्या तोंडावरचं सुजलेलं झाकण त्या एका उमाळ्यात ती बंद करू शकतं. आईच्या मांडीवर बसवूनच, ऑक्सिजनची नळी तोंडाजवळ धरून, १०८ बोलवा. मोठ्या माणसाचा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, विशेषतः विडी ओढणाऱ्याचा, हेही पाठवण्याचंच काम, फक्त त्यात धावपळ नाही.

वाळपईहून बांबोळीचं गोमेकॉ पन्नासेक किलोमीटर. सुर्ल्याहून आधी चोर्ला घाट उतरायचा, आणि सांग्यातल्या वेर्ले-साळजिणीहून हमरस्त्याला यायलाच वेळ जातो. सर्दीनं नाक चोंदलेला माणूस घाट उतरताना कानाच्या कळेनं रडकुंडीला येतो, त्याला निघण्याआधी नाकाचे थेंब आणि वाटेत चघळायला काहीतरी द्या. आता ओटोस्कोपला फोन जोडून पडद्याचा फोटो काढता येतो. गावात रेंज नसेल तर टेकाडावर चढल्यावर तो तज्ज्ञाला जातो, आणि निम्म्या वेळा उत्तर येतं की पाठवायची गरज नाही. त्या घरचा एक दिवसाचा रोज वाचला.

पाठवायचं असेल तर चिठ्ठीवर निदानापेक्षा हे आधी लिहा: नाकात पट्टी किती वाजता ठेवली, एकूण किती पट्ट्या आत आहेत, फोलीच्या फुग्यात किती मिलिलिटर पाणी भरलं, रुग्ण रक्त पातळ करायची गोळी घेतो का, शेवटचं कधी जेवला. पट्ट्यांचा आकडा अक्षरांतही लिहा. पाऊस लागून चिठ्ठी भिजली तरी 'दोन' वाचता येतं.